कुर्डुवाडी : गाडी बदलण्याचे ठिकाण



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत रेल्वे स्टेशनावर लेख कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. त्यातून आपल्या लिंबागणेशला रेल्वे नाही. आपण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसे. आपल्याला एस. टी. माहीत, ट्रॅक्टर माहीत, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या माहीत. रूळ पाहायचा म्हटले तर आपल्या आधीच्या पिढ्यांना जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परळीकडे, जावे लागे, नाहीतर जिल्हाच ओलांडावा लागे.

पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा सवडीने विचारून पाहा, की बाबा, तुमच्या वेळची माणसं मुंबईला जायची ती कशी? कोणी नगरचा रस्ता सांगेल, कोणी परळीचा. आणि कोणी सांगेल, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा करत बार्शी गाठायची, बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीला गाडी बदलून मुंबई. "कुर्डुवाडीला गाडी बदलायची" हे वाक्य आपल्या बाजूच्या किती घरांत बोलले गेले असेल, त्याची मोजदाद कोण करणार?

त्या गाडी बदलण्याच्या ठिकाणाची ही हकिगत आहे. तिच्यात आपल्या समाजाचा इतिहासही गुंतलेला आहे. म्हणून स्मरणिकेची चार पाने तिच्यासाठी मागून घेतली.

स्टेशनाचे नाव एक, गाव दुसरे

हिंदुस्थानातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे धावली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. ती रेल्वे चालवणाऱ्या जी. आय. पी. कंपनीने पुढे पुण्याकडे आणि पुण्याहून सोलापूरकडे रूळ टाकले. १८५८ साली गाडी पुण्याला आली. १८५९ साली ती माढा तालुक्यातल्या माळरानावर पोहोचली आणि १८६० साली सोलापूरला गेली. गंमत अशी, की पुणे-सोलापूर रेल्वे सुरू झाली तेव्हा बोरघाटातले काम पुरे झालेले नव्हते. ते पुरे झाले १८६३ साली. तोवर घाटाच्या वर एक गाडी आणि घाटाच्या खाली दुसरी. मधली उतरण माणसांनी आणि मालाने रेल्वेशिवायच पार करायची. म्हणजे आपल्या मुलखातल्या रेल्वेचा इतिहास पहिल्या दिवसापासून गाडी बदलण्याचाच इतिहास आहे.

माढा तालुक्यातल्या त्या स्टेशनाला कंपनीने नाव दिले "बार्शी रोड". बार्शी तिथून वीस मैलांहून जास्त दूर. मग नाव बार्शीचे का? तर कंपनीला कुर्डुवाडीशी काही देणेघेणे नव्हते. तिला हवा होता बार्शीच्या पेठेतला कापूस, गळिताचे धान्य आणि बार्शीला येणारा मोगलाईतला माल. रेल्वेच्या भाषेत "रोड" म्हणजे काय, ते आपल्या माणसांना अनुभवाने कळले होते. ज्या स्टेशनाच्या नावापुढे रोड, तिथे उतरले की गाव अजून लांब आहे असे समजावे आणि चपला घट्ट कराव्यात. कळंब रोडला उतरले म्हणजे कळंब आले असे नव्हे.

पुढे बार्शी रोड हे नाव मागे पडून कुर्डुवाडी हेच नाव राहिले. स्टेशनामुळे वस्ती वाढली. रेल्वेची क्वार्टरे आली, बाजार आला, इंजिन-डब्यांचा कारखाना आला. आज कुर्डुवाडी नगरपालिकेचे गाव आहे. स्टेशन आधी आणि गाव नंतर मोठे झाले, अशी जी मोजकी ठिकाणे महाराष्ट्रात आहेत त्यांत याची गणना होईल.

बार्शी लाईट

बार्शी रोडपर्यंत गाडी आली, पण बार्शीचा माल तिथवर आणायचा तो बैलगाडीनेच. पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली गाडी ओढणे म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगायला नको. चाके आसापर्यंत रुतायची. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हेरली. हा गृहस्थ आधी जी. आय. पी. रेल्वेतच नोकरीला होता. त्याच्या मनात आले, की मोठ्या रेल्वेला जोडणारी एक छोटी, स्वस्त रेल्वे बांधली तर? त्यासाठी त्याने बरीच वर्षे खटपट केली. १८९५ साली इंग्लंडात बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली.

या गाडीचे रूळ एकमेकांपासून फक्त अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटरवर. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर. दुपटीहून जास्त फरक झाला. रूळ जवळजवळ असले की भराव कमी लागतो, वळण लहान घेता येते, पूल हलके चालतात आणि खर्च वाचतो. पण छोटी गाडी म्हणजे खेळण्यातली गाडी, असे कॅलथ्रॉपने होऊ दिले नाही. त्याचा हिशेब सरळ होता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचे नाही, मग ते इंजिन असो की डबा. वजन सगळ्या चाकांवर सारखे वाटले गेले, तर वाराला तीस पौंड वजनाचा हलका रूळसुद्धा भरपूर माल पेलू शकतो. म्हणून त्याने इंजिनाला आठ जोडचाके दिली आणि डबे पोलादाच्या दाबीव पत्र्याचे करून घेतले. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली. गाडी इकडे आणण्याआधी लीड्सजवळ रूळ टाकून तिची परीक्षाही घेतली गेली. जगभरच्या इंजिनिअरांनी या छोट्या गाडीची दखल घेतली. हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी घेण्याच्या पॅराशूटसाठीही नावाजला गेला.

ओझे एकावर टाकू नये, सगळ्यांवर सारखे वाटावे, म्हणजे हलका रूळही मोडत नाही, असा हा नियम. रुळाच्या बाबतीत तो १८९७ साली आपल्या मुलखात पाळला गेला. माणसांच्या बाबतीत मात्र सगळे ओझे एकाच आसावर टाकायची रीत चालू होती. तिच्याकडे पुढे येतो.

बार्शीची लाईन वाढत गेली. १९०६ साली ती कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली, १९११ साली बार्शीच्या पुढे लातूरला पोहोचली आणि १९२७ साली पंढरपूरहून मिरजेला. एकूण लांबी दोनशे मैलांवर, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास झाली. एका टोकाला लातूरची बाजारपेठ, दुसऱ्या टोकाला मिरज, मध्ये पंढरपूरची वारी, आणि बरोबर पोटात कुर्डुवाडी. इथे छोटी लाईन मुंबई-सोलापूरच्या मोठ्या लाईनीला भेटत होती. लोक कंपनीचे पूर्ण नाव घेत नसत, "बार्शी लाईट" म्हणत.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

आता गाडी बदलणे म्हणजे प्रत्यक्ष काय, ते पाहू. माणसाला पाय असतात. तो छोट्या गाडीतून उतरतो, बोचके उचलतो, पलीकडच्या फलाटावर जातो आणि मोठ्या गाडीत बसतो. माल आपणहून चालत नाही. लातूरहून आलेली कापसाची दाबलेली एक गाठ दीड-पावणेदोनशे किलोची. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नाही. तेव्हा ती गाठ माणसांनी उतरवायची आणि माणसांनीच मोठ्या गाडीत भरायची. एका गाडीतला माल काढून दुसऱ्या गाडीत घालण्याचे हे काम छोटी लाईन असेपर्यंत वर्षानुवर्षे कुर्डुवाडीला चालले. दोन रुळांमधला फरक कंपनीच्या कागदावर इंचांत लिहिला जायचा. तो भरून मात्र हमालाच्या पाठीने काढला.

ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नव्हती. गावकीच्या वतनी कामात आपल्या आजा-पणज्यांना काय करावे लागे, ते आठवा. गावात अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे. सरकारी कागद, सरकारी भरणा रात्री-अपरात्री तालुक्याला न्यायचा. शिवेवर पुढच्या गावचा माणूस उभा असायचा, तो ओझे घेऊन पुढच्या शिवेपर्यंत जायचा. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीची ही बदली. शिवेगणिक माणूस बदलला, पण ओझे ज्या डोक्यावर गेले ते डोके दर गावात आपल्याच समाजाचे होते. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि भाकरीचे बलुते. बाबासाहेबांनी वतनाला गुलामगिरी म्हटले ते उगीच नाही.

म्हणून रेल्वे आली तेव्हा आपल्या माणसांना तिच्यात एक वाट दिसली. रेल्वेत ओझे उचलले तर त्याचे रोख पैसे मिळतात. गाडीत बसले तर गावची शीव मागे पडते. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कामावर कितीतरी माणसे याच वाटेने गेली. तिकिटाच्या खिडकीत पैसे टाकले की तिकीट मिळते. तिकिटावर जात छापलेली नसते.

फलाटावर उतरल्यावर

डब्यात बसेपर्यंतची गोष्ट झाली. उतरल्यावर काय व्हायचे, ते स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

१९०१ सालची हकिगत आहे. बाबासाहेब तेव्हा शाळकरी पोर. साताऱ्यात राहत होते. वडील सुभेदार रामजी नोकरीनिमित्त गोरेगावला होते. त्यांच्याकडे सुटीत जायचे म्हणून घरातली मुले नवे कपडे घालून रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना त्यांच्या येण्याची चिठ्ठी वेळेवर मिळालेली नव्हती, म्हणून न्यायला कोणी आले नाही. चांगल्या कपड्यांतली ही मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. तुम्ही कोण, असे त्याने विचारले. लहानग्या भीमरावाने सरळ सांगितले, आम्ही महार आहोत. तो माणूस एकदम मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एकाने दुप्पट भाडे घेऊन गाडी दिली, ती या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. वाटेत रात्र झाली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. तहानलेलीच मुले झोपली.

पाहा, रेल्वेचा प्रवास सुरळीत झाला. इंजिनाने या मुलांना अडवले नाही, रुळांनी अडवले नाही. अडले ते फलाटावर, रेल्वे सोडून बैलगाडी धरायच्या जागी. गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणजे जिथे माणसाला "तू कोण?" असे विचारले जाते ते ठिकाण. त्या काळी स्टेशनांवर पाणी पाजण्याची व्यवस्थासुद्धा हिंदूंची वेगळी, मुसलमानांची वेगळी असायची. अस्पृश्याने ओंजळ कुठे धरायची?

आणि रेल्वेच्या नोकरीत तरी काय होते? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. मनमाड हेही गाडी बदलण्याचेच स्टेशन, बरं का. जी. आय. पी.ची मोठी लाईन आणि औरंगाबादकडून येणारी निजामाच्या राज्यातली मीटरगेज लाईन तिथे भेटत होती. त्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते भाषण अनेकांना माहीत आहे. पण त्यातली रेल्वेची बारीक माहिती आपण फारशी वाचत नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला स्टेशनावर पोर्टर म्हणूनही घेत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? कारखान्यातही त्याला वरच्या जागा नाहीत. म्हणजे ज्या रुळांवरून सगळे जग सुखाने जाते ते रूळ उन्हातान्हात सरळ ठेवायचे काम आपल्याकडे, आणि सावलीतली जागा दुसऱ्याकडे.

बार्शी आणि कसबे तडवळे

बार्शी लाईटच्या वाटेवर बाबासाहेबांच्या चळवळीच्या दोन ठळक खुणा आहेत. १९२४ च्या मे महिन्यात बार्शीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा त्याच वर्षी जुलैत स्थापन झाली. म्हणजे बार्शीची परिषद त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या अगदी उगमाजवळची. मुंबईहून रेल्वेने बार्शीला जायचे तर कुर्डुवाडीला गाडी बदलण्यावाचून त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.

दुसरी खूण कसबे तडवळ्याची. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब त्या परिषदेला आले. हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. आणि बार्शी लाईटचे कळंब रोड नावाचे जे स्टेशन, ते याच कसबे तडवळ्याला. एवढ्या आडबाजूच्या खेड्यात अशी परिषद का भरली असेल, याचे उत्तर नकाशा पाहिला की निम्मे तरी मिळते. इंग्रजी मुलखातली बार्शी हाकेच्या अंतरावर, आणि दारातून जाणारी छोटी गाडी. वतनाचे ओझे झुगारायची चर्चा जिथे झाली, त्या गावाला रुळांनी बाहेरच्या जगाशी जोडलेले होते.

तेव्हा आपले बीडही निजामाच्या राज्यातच होते. मोगलाईची हद्द ओलांडताना करोडगिरीचे नाके लागत, मालाची झडती होई, जकात द्यावी लागे. बार्शी मात्र इंग्रजी अमलाखाली, आणि तिच्या पूर्वेला व उत्तरेला निजामाचा मुलूख. १९४७-४८ साली रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून बार्शीच्या बाजूला आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि हद्दीचा प्रश्न मिटला. पुढे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली.

वतनाचा प्रश्न मात्र कायद्याने सुटायला आणखी काही वर्षे गेली. वतन रद्द करावे म्हणून बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ सालीच विधेयक आणले होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. तोवर बाबासाहेब आपल्यातून गेले होते.

फलाटावरचा माणूस बदलला

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्यानंतर १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून किंचित जास्त जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ साली ते प्रमाण साडेबारा टक्के झाले. १९५० पासून राज्यघटनेचा आधार मिळाला. रेल्वे म्हणजे केंद्राचे सर्वांत मोठे नोकरीचे ठिकाण. तेव्हा १९३८ च्या मनमाडच्या तक्रारीचे उत्तर हळूहळू रेल्वेच्या भरतीतूनच मिळू लागले. गँगमनचा मुलगा क्लार्क झाला, खलाशाचा मुलगा फिटर झाला, ड्रायव्हर झाला. ज्या स्टेशनमास्तराच्या खुर्चीजवळ आपला माणूस पाणी भरायलाही चालत नव्हता, त्या खुर्चीवर आपली मुले-मुली बसली. हे कोणाच्या मेहेरबानीने झाले नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आणि दरवर्षी ६ डिसेंबरला काय होते, ते आपण जाणतोच. चैत्यभूमीला निघालेल्या आपल्या माणसांनी सोलापूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या भरून येतात. कुर्डुवाडीच्या फलाटावर निळे झेंडे दिसतात, भाकरी बांधून घेतलेल्या आयाबाया दिसतात. मसूरच्या फलाटावर "आम्ही महार" म्हटल्यावर समोरचा माणूस मागे सरला होता. आता त्याच रेल्वेच्या फलाटावर उभे राहून हजारो माणसे मोठ्याने जयभीम म्हणतात.

छोटी लाईन उठली

छोटी गाडी हळू चालायची, वेळेचा भरवसा नसायचा. माणसे मोटारीने जाऊ लागली, माल ट्रकने जाऊ लागला. शेवटी सरकारने ही लाईन मोठी करायचे ठरवले. या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर लाईन मोठी झाली. २००७-०८ मध्ये लातूरची बाजू मोठी झाली आणि जुन्या लाईनीने बाजूला टाकलेले उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, पहिल्यांदाच रेल्वेवर आले. त्यानंतर पंढरपूर-मिरज हा तुकडाही मोठा झाला. शंभर वर्षांहून जास्त चाललेली बार्शी लाईट संपली. कुर्डुवाडी आजही जंक्शन आहे, पण आता मालाची गाठ एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकावी लागत नाही. इंजिन जोडले की डबा तसाच पुढे जातो.

याचा अर्थ काय, ते २०१६ च्या उन्हाळ्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते. मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत पाणी भरून लातूरला पाठवले गेले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशा वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून ती १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. ही वाट म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जुन्या बार्शी लाईटचीच वाट, फक्त मध्ये धाराशिवचा वळसा. रूळ सगळीकडे सारखे होते म्हणून टाक्या कुठेही न बदलता थेट गेल्या.

दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. १९०१ साली एका स्टेशनाबाहेर पडलेल्या मुलांना रात्रभर पाणी मिळाले नव्हते. २०१६ साली त्याच महाराष्ट्राच्या रेल्वेने एका अख्ख्या शहराला पाणी पाजले, आणि ते पाणी पिताना कोणाची जात कोणी विचारली नाही. रेल्वेच्या टाकीतले पाणी सगळ्यांचे असते. गावातल्या प्रत्येक आडा-विहिरीवर असेच आहे का, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गावापुरते द्यावे.

आता आपली पाळी

रुळांची रुंदी एक करायला आपल्या देशाने पैसा ओतला, पूल बांधले, जुने रूळ उखडले. कारण हिशेब सरळ होता. दोन मापांचे रूळ असले की दर वेळी कोणाला तरी ओझे उचलावे लागते. माणसांतली दोन मापे काढून टाकायला मात्र तेवढी घाई कोणाला दिसत नाही. ते काम कोणतीही कंपनी करणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल. तथागतांनी सांगितलेली समता ती हीच. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, असे नाही.

आणि आता आपल्या बीडकडे वळू. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, ती बीडला पोहोचली. तीस वर्षे लागली. पुढचा तुकडा पुरा झाला की ही लाईन परळीच्या जुन्या लाईनीला भेटेल आणि आपल्या जिल्ह्यात दोन बाजूंच्या वाटा एकत्र येतील. मांजरसुंबा-येरमाळ्याचा तो लांबचा रस्ता करून गाडी गाठायची गरज लिंबागणेशच्या माणसाला उरणार नाही.

म्हणून तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही, की रेल्वे येते तेव्हा नोकऱ्या येतात. त्यांच्या परीक्षा असतात, त्यांना अभ्यास लागतो. आपल्या विहारात संध्याकाळी दिवा असतो, बसायला जागा असते. वंदना झाल्यावर दोन तास पुस्तक उघडून बसलात तर ते बाबासाहेबांनाच वंदन होईल. मनमाडला त्यांनी जे मागितले, ते आपल्याला अर्ज भरून मिळवता येते. अर्ज भरायचा कंटाळा करू नका.

दुसरी अशी, की कधी पंढरपूर-सोलापूरकडे जाणे झाले तर मुलांना घेऊन कुर्डुवाडीला उतरा. पाहण्यासारखे मोठे काही नाही. इतर स्टेशनांसारखेच ते एक स्टेशन आहे. पण मुलांना फलाटावर उभे करून सांगा, की तुमचा आजा, पणजा इथे एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसला. डोक्यावर बोचके होते, खिशात तिकीट होते, आणि पुढच्या स्टेशनावर आपल्याला कोणी काय विचारील याची मनात धास्ती होती. तरी तो गाडीत चढला. तो चढला म्हणून आज आपण इथवर आलो.

सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!